कल्याणचा भांडारी : बसवेश्वरांचे तत्त्वज्ञान आणि त्यांचे मंत्रिपद

महात्मा बसवेश्वर यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात वचनकार, लिंगायत परंपरेचे प्रवर्तक आणि जातिभेदाचे कडवे विरोधक म्हणून त्यांचा परिचय विस्ताराने येतो. कलचुरी राजा बिज्जळ याच्या दरबारातील भांडारी, म्हणजे राज्याच्या कोषाचे प्रमुख, आणि पुढे प्रधान म्हणून त्यांनी केलेले काम मात्र चरित्रातील एक टप्पा म्हणून दोन-चार वाक्यांत उरकले जाते. या मांडणीमागे एक गृहीत असते : आध्यात्मिक पुरुषाने राजदरबारात घालवलेली वर्षे ही त्याच्या विचारांना पोषक नसून अडसर ठरणारी असतात, आणि ती त्याने कशीबशी निभावून नेलेली असतात. बसवेश्वरांच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहिले, तर टिकत नाही. श्रम, संपत्ती, दान आणि दर्जा यांविषयी त्यांनी जे सांगितले, ते राज्याचा जमाखर्च रोज डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाचे चिंतन आहे. आणि 1167 च्या सुमारास कल्याणमध्ये त्यांच्या प्रयोगाचा जो रक्तरंजित शेवट झाला, त्याचे कारणही त्यांच्या मंत्रिपदाच्या मर्यादेतच शोधावे लागते. विचारवंताने सत्तेत राहून काय साधता येते आणि काय साधता येत नाही, या जुन्या प्रश्नाचे इतके स्पष्ट उदाहरण दख्खनच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

हे उदाहरण ज्या भूमीत घडले ती समजून घेणे आवश्यक आहे. बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण हे महाराष्ट्राच्या धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांना लागून असलेले, पुणे–हैदराबाद महामार्गापासून थोडे आत वसलेले तालुक्याचे गाव आहे, आणि तिथल्या बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा सारख्याच सहजपणे बोलल्या जातात. बाराव्या शतकात मात्र हे नगर दक्षिणेतील सर्वांत प्रबळ राज्यांपैकी एकाची राजधानी होते. राष्ट्रकूटांच्या काळात राज्याचे केंद्र कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, म्हणजे जुने मान्यखेट, येथे होते. चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने अकराव्या शतकात ते कल्याणला हलवले. सहावा विक्रमादित्य याच्या 1076 ते 1126 या दीर्घ राजवटीत कल्याणला विद्येचे आणि वैभवाचे जे स्थान लाभले, त्याची साक्ष काश्मीरहून येथे आलेल्या बिल्हण कवीच्या 'विक्रमांकदेवचरित' या काव्यात मिळते.

त्याच काळात या नगराच्या आश्रयाने दोन ग्रंथ लिहिले गेले, आणि बसवेश्वरांचा विचार नेमका कशाच्या विरोधात उभा राहिला हे पाहण्यासाठी ते दोन्ही डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगाचे ठरते. पहिला ग्रंथ विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा', म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरील टीका. वडिलोपार्जित मालमत्तेवर पुत्राचा हक्क त्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न होतो, तो पित्याच्या मृत्यूची वाट पाहत नाही, हा जन्मस्वत्वाचा सिद्धान्त विज्ञानेश्वराने असा काही पक्का बांधला की बंगाल वगळता बहुतेक भारतात हिंदू कुटुंबांच्या वाटण्या पुढे आठशे वर्षे त्याच आधारावर होत राहिल्या. त्या चौकटीत मुलीला जन्मतः सहदायाद म्हणून स्थान मिळण्यासाठी 2005 ची कायद्यातील दुरुस्ती यावी लागली. दुसरा ग्रंथ विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील 1129 च्या सुमाराचा 'मानसोल्लास'. राज्य कसे मिळवावे व स्थिर करावे यापासून पाककला, संगीत आणि शिकारीपर्यंत राजजीवनाचे शंभर विषय त्यात आले आहेत, आणि राज्याच्या सात अंगांपैकी कोष हे अंग त्यात अर्थातच महत्त्वाचे आहे. कल्याणच्या सुसंस्कृत दरबाराने विचारलेले हे दोन प्रश्न होते : माणसाला जन्माने काय मिळते, आणि राजाचा कोष कसा भरतो. एका पिढीनंतर त्याच नगरात कोषाच्या कामावर आलेल्या माणसाने हे दोन्ही प्रश्न उलटे केले. जन्माने माणसाला काहीच मिळत नसेल तर तो कशाने ओळखला जावा, आणि मिळवलेले धन शेवटी कोठे गेले पाहिजे, असे त्याने विचारले.

बसवेश्वरांच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. 1105 पासून 1134 पर्यंतची वेगवेगळी वर्षे मांडली जातात. विजयपूर जिल्ह्यातील बसवन बागेवाडी परिसरात, मादरस आणि मादलांबिका या शैव ब्राह्मण दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला, लहान वयातच उपनयनाच्या प्रश्नावरून ते घराबाहेर पडले आणि कृष्णा व मलप्रभा यांच्या संगमावरील कूडलसंगम येथे त्यांचे शिक्षण झाले, असे परंपरा सांगते. याच क्षेत्राच्या देवतेचे नाव त्यांनी पुढे आपल्या प्रत्येक वचनाच्या शेवटी मुद्रिका म्हणून वापरले. वचन म्हणजे छंदाच्या बंधनात न अडकलेले, बोलभाषेच्या जवळ जाणारे लयबद्ध गद्य. बसवेश्वरांची अशी सुमारे 1,400 वचने उपलब्ध आहेत.

कूडलसंगमहून ते मंगळवेढ्याला आले. आज सोलापूर जिल्ह्यात असलेले मंगळवेढे तेव्हा चालुक्यांचा मांडलिक असलेल्या बिज्जळाचे ठाणे होते, आणि तेथे बसवेश्वरांनी करणिक, म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून, या साध्या हुद्द्यावर कामाला सुरुवात केली. मामा बलदेव हे बिज्जळाचे मंत्री होते आणि त्यांची कन्या गंगांबिका बसवेश्वरांना दिली होती, त्यामुळे नात्याचा आधार होताच. तरी कारकुनापासून भांडारापर्यंतची वाट त्यांनी हिशेबातील नैपुण्याच्या बळावर कापली, असे चरित्रकार सांगतात. चालुक्य तिसरा तैल दुर्बळ झाल्यावर बिज्जळाने 1157 च्या सुमारास स्वतंत्रपणे राज्य करण्यास प्रारंभ केला आणि काही वर्षांत कल्याण ताब्यात घेतले. त्याच्याबरोबर त्याचा भांडारीही कल्याणला आला. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे : बिज्जळ हा मालकाचे सिंहासन बळकावणारा मांडलिक होता, जुन्या सरदारांचा आणि धर्मपीठांचा त्याला असलेला पाठिंबा कच्चा होता, आणि म्हणून चोख कारभार करणारा, लोकांत मान असलेला मंत्री त्याला हवाच होता. राजाची ही गरज होती तोवर मंत्र्याच्या प्रयोगाला मोकळीक मिळाली. ती गरज आणि मंत्र्याचा प्रयोग एकमेकांच्या आड आले तेव्हा ही मोकळीक संपली.

या सर्व वृत्तान्ताची साधने कोणती, हेही स्पष्ट केले पाहिजे. हरिहर या कन्नड कवीची बसवेश्वरांवरील रगळे, म्हणजे एका विशिष्ट छंदातील चरित्रकाव्य, पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू बसवपुराण, 1369 मधील भीमकवीचे त्याच विषयावरील कन्नड पुराण आणि पंधराव्या शतकात संकलित झालेली 'शून्यसंपादने' ही संवादरचना, ही सर्व साधने भक्तांनी लिहिलेली आहेत आणि त्यांत चमत्कार भरपूर आहेत. शिलालेखांचा पुरावा तुलनेने थोडा आहे. त्यांतील महत्त्वाचा म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील अर्जुनवाडचा 1260 चा लेख, जो देवगिरीच्या यादव राजा कन्हर याच्या काळातील असून त्यात संगनबसव म्हणून बसवेश्वरांचा व त्यांच्या कुळाचा उल्लेख येतो. म्हणून चरित्रातील प्रत्येक प्रसंगावर इमारत उभी करणे धोक्याचे ठरते; पण वचनांतील विचार आणि पुराणांनी जपलेल्या कथांचा कल हे दोन्ही एकाच दिशेने जात असतील, तर त्या दिशेचा विचार करणे रास्त आहे.

ही दिशा कायक आणि दासोह या दोन संकल्पनांनी दाखवली जाते. कायक म्हणजे स्वतःच्या देहाने, प्रामाणिकपणे केलेला उत्पादक श्रम, मग तो दोर वळण्याचा असो, कपडे धुण्याचा असो वा राज्याचे हिशेब लिहिण्याचा असो. आणि दासोह म्हणजे त्या श्रमातून आलेले, गरजेपुरते ठेवून उरलेले धन समाजाला सेवाभावाने परत करणे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या तर पहिलीत श्रमाची महती आणि दुसरीत दानाची महती एवढेच दिसते, आणि त्यांत नवे काही उरत नाही, कारण दानाची महती तर मानसोल्लासातही आहे. नावीन्य त्यांना एकत्र बांधण्यात आहे. पारंपरिक दानात देणारा श्रीमंत असतो, घेणारा पात्र असतो, आणि दिलेले धन कसे मिळवले हा प्रश्न कोणी विचारत नाही; दासोहात मात्र जमेची बाजू तपासल्याशिवाय खर्चाच्या बाजूला मान्यता नाही. श्रमाविना आलेले धन देऊन पुण्य लागत नाही, आणि श्रमाने आलेले धन साठवून ठेवल्यास तो श्रमही शुद्ध राहत नाही. ही दुहेरी नोंद आहे, आणि ती सुचायला हिशेबाच्या वहीशी रोजचा संबंध असलेले मन लागते.

हा नियम शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या सहप्रवाशांनी, किती काटेकोरपणे घेतला होता हे दोन कथांतून दिसते. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य अंगणात सांडलेले तांदूळ वेचून त्यावर गुजराण व दासोह करीत असे. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आला, तेव्हा लक्कम्माने ते पाहून हा लोभ आपल्याला कशाला हवा असे विचारले आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. ज्या अंगणातून ते आणले होते ते परंपरेनुसार बसवेश्वरांचेच होते. म्हणजे राज्याच्या भांडाऱ्याकडून आलेला मूठभर अधिक तांदूळही एका वेचणाऱ्या बाईने नाकारला. दुसरी कथा नुलिय चंदय्याची, जो तळ्याकाठचे गवत कापून त्याचे दोर वळत असे. गवत कापताना गळ्यात धारण केलेले पूजेचे इष्टलिंग पाण्यात पडले तरी तो काम सोडून त्याच्यामागे गेला नाही. शेवटी लिंगालाच त्याच्या कामात हातभार लावावा लागला, आणि दोर विकायला गेलेले लिंग रास्त किमतीहून जास्त पैसे घेऊन आले, तेव्हा चंदय्याने वरचे पैसे स्वीकारण्यास नकार दिला. बसवकल्याणमध्ये आजही एक गुहा चंदय्याच्या नावाने दाखवली जाते. देवाने केलेला व्यवहारही बाजारभावाने तपासणारी ही कथा भक्तिसाहित्यात विरळाच आहे.

या कथेशेजारी मराठी वाचकाच्या परिचयाची दुसरी एक कथा ठेवली, म्हणजे फरक ठळक होतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बीदरच्या बहमनी सुलतानाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली, आणि राजाची खप्पामर्जी होण्याची वेळ आली तेव्हा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन धान्याची संपूर्ण किंमत भरली. करुणेची ही कथा महाराष्ट्राने मनापासून जपली आहे, आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. तिच्या रचनेत मात्र एक गोष्ट गृहीत आहे : अधिकाऱ्याने नियम मोडला, खात्यात तूट आली, आणि ती तूट देवाने भरून काढली. बसवेश्वरांवरही राजाचे धन जंगमांवर, म्हणजे फिरत्या शिवोपासकांवर, उधळल्याचा आरोप झाला होता. पुराणांनुसार बिज्जळाने भांडार मोजून घेतले आणि ते पूर्ण भरलेले निघाले. पुराणकारांनी येथेही दैवी कृपेची जोड दिली आहे, पण कथेचा मुद्दा तुटीचा नाही, हिशेब जुळण्याचा आहे. एकाच मंगळवेढ्याशी बांधलेल्या या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाच्या करुणेला ईश्वराने वाचवले, तर दुसऱ्याच्या करुणेला त्याच्या स्वच्छ वहीने. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याला दुसरा मार्ग अधिक कठीण आणि अधिक अनुकरणीय आहे.

भांडाराच्या कामातून बसवेश्वरांना आणखी एक गोष्ट कळली असली पाहिजे, असे म्हणायला जागा आहे. बाराव्या शतकातील देवालय हे उपासनेचे ठिकाण होते तसेच ते मोठे आर्थिक केंद्रही होते. जमिनींच्या सनदा, करमाफी, व्यापारी श्रेणींच्या देणग्या, पुजारी, वाजंत्री व नर्तकी यांच्या नेमणुका या सर्वांच्या नोंदी आज शिलालेखांत सापडतात. तेव्हा त्या दरबारी दप्तरातही असणारच. देवालयाच्या गाभाऱ्यात कोणी जायचे हा प्रश्न, म्हणूनच, त्या उत्पन्नावर कोणाचा अधिकार या प्रश्नापासून वेगळा नव्हता. बसवेश्वरांनी यावर मंदिरप्रवेशाची मागणी केली नाही. त्यांनी तळहातावर ठेवून पूजण्याचे आणि गळ्यात धारण करण्याचे इष्टलिंग प्रत्येकाच्या स्वाधीन केले आणि देहालाच देवालय मानले, त्यामुळे पुजारी, सनद आणि गाभारा ही तिन्ही एकदम अनावश्यक ठरली. ज्या संस्थेच्या दारात उभे राहून प्रवेशासाठी भांडावे लागते, त्या संस्थेचीच गरज संपवणे हा उपाय धर्मविचाराइतकाच राज्यकारभाराच्या जाणकाराचा आहे.

अनुभव मंटप या संस्थेकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. बसवेश्वरांनी कल्याणमध्ये भरवलेली शरणांची ही चर्चासभा. तिच्या अध्यक्षपदी, म्हणजे शून्यसिंहासनावर, ते स्वतः बसले नाहीत, तेथे अल्लमप्रभू होते. सभेत परीट मडिवाळ माचिदेव, नावाडी अंबिगर चौडय्या, चर्मकार हरळय्या, डोहर कक्कय्या, अक्कमहादेवी, आणि वचने लिहिणाऱ्या तीसहून अधिक स्त्रियांपैकी अनेकजणी होत्या. मराठी मुलखाचाही तिच्यात वाटा होता : सोन्नलिगे म्हणजे सोलापूरचे सिद्धराम, ज्यांनी गावासाठी तळे खोदण्यासारखी कामे हाती घेतली होती आणि ज्यांना अल्लमप्रभूंनी आत्मज्ञानाविना केलेल्या लोकोपयोगी कामाच्या मर्यादेविषयी खडे बोल सुनावले, आणि अस्पृश्य मानलेल्या कुळातून येऊन कंधारच्या मठाचे प्रमुख झालेले उरिलिंगपेद्दी.

या सभेला जगातील पहिली संसद म्हणण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, आणि इंग्लंडच्या 1215 च्या मॅग्ना कार्टाशी तिची तुलना केली जाते. ही तुलना गौरवासाठी केली जात असली, तरी ती सभेचे खरे वैशिष्ट्य झाकून टाकते. अनुभव मंटपात निवडणूक नव्हती, तेथे कायदे होत नव्हते आणि त्याचे निर्णय राज्यातील प्रजेवर बंधनकारक नव्हते. शिवाय सभेचे जे सविस्तर चित्र आज प्रचलित आहे, ते मुख्यतः नंतरच्या शून्यसंपादनेतून आलेले आहे. त्या सभेचे वेगळेपण असे की तिथे प्रत्येकाला, प्रधानालाही, आपल्या वागण्याचे कारण सांगावे लागे. भावी म्हणजे दीक्षा न घेतलेल्या राजाची चाकरी का करतोस, हा आक्षेप खुद्द बसवेश्वरांवर घेतला गेला, आणि ही चाकरी आपण स्वतःच्या पोटासाठी करीत नसून शरणांच्या दासोहासाठी करतो, असा खुलासा त्यांनी आपल्या वचनांत केलेला दिसतो. राज्याच्या प्रधानाला परिटापुढे आणि दोर वळणाऱ्यापुढे जाब देण्यास बांधील करणारी जागा त्याने स्वतःच निर्माण करावी, आणि त्या जागेचे प्रमुखपद दुसऱ्याकडे सोपवावे, ही राजकीय विचारातील मोठी झेप आहे. तिला संसदेचे उसने नाव देण्याची गरज नाही.

परंतु याच ठिकाणी या प्रयोगाची दुर्बळ बाजूही आहे. अनुभव मंटपाने शरणांच्या समाजाचे नियम बदलले. राज्याचे नियम त्याने बदलले नाहीत, आणि ते बदलण्याचे साधन त्याच्याकडे नव्हतेही. शिक्षा देण्याचा अधिकार राजाकडेच राहिला, वर्णसंकर हा अपराध मानणारा धर्मशास्त्राचा अर्थ दरबारात तसाच मान्य राहिला, आणि बसवेश्वरांचा अधिकार राजाच्या मर्जीपुरता उरला. ब्राह्मण कुळातून शरण झालेल्या मधुवरसाची कन्या आणि चर्मकार हरळय्याचा पुत्र शीलवंत यांचा विवाह जेव्हा ठरला, तेव्हा दोन नियम प्रथमच समोरासमोर आले. शरणांच्या दृष्टीने दीक्षेनंतर दोन्ही घरांना जात राहिलेली नव्हती, म्हणून हा विवाह दोन शरण कुटुंबांतील साधा विवाह होता. राज्याच्या दृष्टीने तो प्रतिलोम विवाह, म्हणजे उच्च वर्णाच्या स्त्रीचा खालच्या वर्णाच्या पुरुषाशी झालेला, दंडनीय संबंध होता. परंपरेनुसार बिज्जळाने दोन्ही पित्यांना हत्तीच्या पायी देऊन ठार केले, नगरात उठाव झाला, बसवेश्वर कूडलसंगमला निघून गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला, शरणांची पांगापांग झाली आणि चेन्नबसवण्णा यांच्याबरोबर एक गट पश्चिम घाटातील उळवीपर्यंत गेला. बिज्जळाचा वध शरणांपैकी काहींनी केला, असे परंपरा सांगते; शिलालेखांवरून एवढे कळते की या सुमारास सत्ता त्याच्या मुलाकडे, सोविदेवाकडे, गेली. पुढे वीस वर्षांच्या आत कलचुरींची राजवट संपली, चालुक्यांचे अल्पकाळ पुनरागमन झाले आणि त्यांचे राज्य यादव व होयसळ यांनी वाटून घेतले.

शेवट असा झाला म्हणून विवाह घाईचा होता, असा निष्कर्ष काही जण काढतात, आणि मराठी संतपरंपरेच्या संयमाशी त्याची तुलना करतात. ही तुलना करायचीच तर ती पुन्हा मंगळवेढ्यातच करता येते. चोखामेळा यांना विठ्ठलाने आपले मानले असे संतकथा सांगतात. पण ते महाद्वाराबाहेरच राहिले, आणि 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाच्या वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. भक्तीत समता आणि व्यवहारात वर्ण या तडजोडीने मोठा रक्तपात टळला, हे खरे. पण तिची किंमत चोखोबांनी आणि त्यांच्या पुढच्या अनेक पिढ्यांनी चुकवली. कल्याणमध्ये ती तडजोड नाकारली गेली. विवाह हा समतेच्या कसोटीचा शेवटचा टप्पा आहे, कारण सहभोजनाने माणसे एका दिवसापुरती जवळ येतात, विवाहाने वारसा आणि नातेसंबंध कायमचे बदलतात. आणि जन्मस्वत्वाच्या सिद्धान्ताची राजधानी असलेल्या नगरात तर वारशाला धक्का लागणे अधिकच असह्य होते. चूक विवाहात नव्हती. समाज बदलण्याची गती आणि राज्य बदलण्याची गती यांतील अंतर भरून काढणारी कोणतीही व्यवस्था मंत्र्याच्या हाती नव्हती, ही खरी उणीव होती.

तरीही सत्तेच्या आश्रयाने झालेले कार्य सत्तेबरोबर संपतेच, असा नियम यातून निघत नाही, आणि त्यासाठी याच परिसरातील दुसऱ्या विद्वान प्रधानाकडे पाहणे उद्बोधक आहे. इराणमधील गिलानहून आलेला ख्वाजा महमूद गवान हा बीदरच्या बहमनी राज्याचा वजीर. त्याने जमिनीची मोजणी सुरू केली, राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ भाग करून सुभेदारांची ताकद कमी केली, 1472 मध्ये बीदरला मदरसा उभा केला, पत्रलेखनावर फारसी ग्रंथ रचले, आणि व्यापारातील आपल्या भांडवलावर साधेपणाने राहून वजिरीचे उत्पन्न तो गरिबांवर व सैनिकांवर खर्च करीत असे, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. बनावट पत्राच्या आधारे 1481 मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. स्वच्छ कोष आणि विद्वत्ता या दोन्ही बाबतींत तो बसवेश्वरांच्या जवळ येतो. पण त्याच्या सुधारणा फक्त राज्ययंत्रणेत होत्या, म्हणून यंत्रणा ढासळताच त्या गेल्या, आणि थोड्याच वर्षांत सुभेदारांनी बहमनी राज्याचे तुकडे केले. बसवेश्वरांनी जे निर्माण केले ते भांडाराच्या आधाराने वाढले असले, तरी त्याचे वास्तव्य भांडारात नव्हते. ते दोर वळणाऱ्याच्या कामात, घराघरांतील अन्नाच्या वाटणीत आणि बोलीभाषेतील वचनांत होते, आणि म्हणून कल्याण पडल्यावरही ते वाहून नेता आले.

ते कसे वाहून नेले गेले याचे पुरावे या सीमाभागात जागोजागी आहेत. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर (1746–1822) यांनी जेवर्गी तालुक्यातील अरळगुंडगीपासून सुरू केलेली दासोहाची परंपरा आजही कलबुर्गीच्या त्यांच्या मंदिराशी आणि त्याच्या शिक्षणसंस्थांशी जोडलेली आहे. बीड जिल्ह्यातील कपिलधारचे मन्मथस्वामी यांनी 'परमरहस्य' हा ग्रंथ रचून वीरशैव विचार मराठीत आणला. वचने ताडपत्रांवर मठांत आणि घरांत टिकून राहिली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ती गोळा करून 1923 पासून छापण्यास आरंभ केला, आणि पुढे एम. एम. कलबुर्गी यांच्या देखरेखीखाली निघालेल्या पंधरा खंडांत 20,000 हून अधिक वचने एकत्र आली. भालकीच्या हिरेमठाचे चेन्नबसव पट्टदेवरू यांनी निजामी राजवटीत शाळेबाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवले, असे सांगितले जाते. बसवकल्याणमधील आधुनिक अनुभव मंटपाची उभारणीही 1950 च्या दशकात त्यांच्याच पुढाकाराने झाली.

गेल्या काही दशकांत राज्यसंस्थेने बसवेश्वरांना मोठ्या उत्साहाने आपलेसे केले आहे. संसदेच्या आवारात 2003 मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, बसवकल्याणमध्ये 108 फूट उंचीची मूर्ती झाली, 2021 मध्ये तेथे नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली आणि 2024 मध्ये कर्नाटक सरकारने त्यांना राज्याचे सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले. दरम्यान लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे का, या प्रश्नावर 2017 मध्ये बीदरमध्ये मोठे मेळावे झाले आणि 2018 मध्ये राज्य सरकारने तशी शिफारस केंद्राकडे केली. या सर्व घडामोडींत बसवेश्वर कोणाचे, हा प्रश्न केंद्रस्थानी राहिला. हा वाद खोटा नाही. मात्र भांडारी बसवेश्वरांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे आलेले धन कोणाच्या श्रमाचे, गेले कोणाकडे आणि त्याचा जाब कोणाला विचारता येतो हा प्रश्न, या वादाने मागे पडतो.

आणि या प्रश्नाची सर्वाधिक गरज त्यांच्याच कर्मभूमीला आहे. निजामी राजवटीतून 1948 मध्ये बाहेर पडलेल्या आणि 1956 मध्ये म्हैसूर राज्यात आलेल्या बीदर-कलबुर्गी परिसरातील जिल्ह्यांच्या मागासलेपणाची दखल घेऊन 98 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371-जे अन्वये विकास मंडळ, निधी आणि नोकरी-शिक्षणातील राखीव जागा यांची तरतूद केली, आणि 2019 मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण-कर्नाटक करण्यात आले. नावामुळे बाराव्या शतकातील नगराशी नाते जोडले गेले. हे नाते खरे ठरवायचे तर बीदर व कलबुर्गीच्या विकासनिधीचा जमाखर्च मजूर, शेतकरी आणि त्यांच्या ग्रामसभा यांच्यासमोर प्रत्येक वर्षी, त्यांच्या भाषेत मांडला गेला पाहिजे, आणि त्यांनी घेतलेल्या आक्षेपाला अधिकाऱ्याने उत्तर देण्याची सक्ती नियमात असली पाहिजे. बसवेश्वरांना मंत्री असून जे साधले नाही ते हेच : जाब विचारण्याचा हक्क त्यांनी सभेत दिला, पण राज्याच्या कायद्यात तो आणता आला नाही. आजच्या राज्यघटनेने ती सोय करून ठेवली आहे. तिचा उपयोग न करता उभारलेले प्रत्येक स्मारक हे, त्यांच्याच हिशेबाने, श्रमाविना केलेले दान ठरेल.